मिरजेला तंबोरा करायला टाकला, त्याची हकीकत

मिरजेत तंबोरा करायला टाकायचा म्हटलं की पहिला प्रश्न पैशांचा येत नाही, पट्टीचा येतो, म्हणजे पेटीवरचा कुठला स्वर 'सा' धरून आपण गातो त्याचा. मी पुण्याहून फोन केला तेव्हा पलीकडच्या कारागिरांनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "पट्टी कुठली?" मी म्हटलं, "काळी चार. किंवा पाच." पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी किंवा पाचवी, असा त्याचा अर्थ. थोडा वेळ नुसता काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "चार का पाच ते ठरवून या मॅडम. घाई नाही."

हे 2023 च्या दिवाळीनंतरचं. तंबोरा घरी आला तो 2024 च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात काय काय होतं, कशासाठी थांबावं लागतं, पैसे कधी आणि कसे द्यायचे, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी निम्मी धाकधूक वाचली असती, म्हणून लिहून ठेवते आहे. मी कलाकार नाही. बँकेत नोकरी करते, बरीच वर्षं गाणं शिकते आहे, आणि घरचा रियाज इतके दिवस इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर चालला होता. त्या डबीला मी नावं ठेवणार नाही, तिने मला कधी दगा दिला नाही. पण क्लासमध्ये तंबोरा मांडीशी घेऊन बसलं की जे ऐकू येतं ते घरी येत नव्हतं, आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी स्वतःसाठी एक मोठा खर्च करावा असं मनाने घेतलं.

पट्टीचं आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं. माझी तरुणपणची पट्टी काळी पाच. मी अजूनही पाचच धरायचे आणि तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या, वर गेलं की मान ताणायचे. फोननंतर आमच्या गाण्याच्या ताईंना विचारलं. त्यांनी पेटीवर काळी चार धरली, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम लावायला सांगितला, मग मंद्र मध्यम, मग वर तार मध्यम. ऐकून म्हणाल्या, "चार. आणि पुढच्या दहा वर्षांत पांढरी पाच." बायकांचा आवाज वयाबरोबर खाली येतो हे मला ठाऊक होतं, त्यात आपणही येतो हे त्या दिवशी लक्षात आलं. घरी येऊन थोडी गप्पच होते. दुसऱ्या दिवशी काळी चारात भूप राग गायले, गळ्याला इतकं बरं वाटलं की रुसवा संपला.

तुम्ही जाणार असाल तर हे काम आधी उरका. आणि पट्टी ठरवताना आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा आवाज धरू नका, ऑफिसातून दमून आल्यानंतरचा धरा. एकाच तंबोऱ्यावर एखादा स्वर वर-खाली सहज चालतो, तारांचे नंबर बदलून आणखी थोडं ओढता येतं, पण त्यापलीकडे नाही. पुरुषांच्या काळी एकचा तंबोरा काळी पाचला चढवू गेलं तर तार तुटते, आणि उलट केलं तर तारा लोळतात, बोलत नाहीत. म्हणून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सरळ 'जेन्ट्स' आणि 'लेडीज' असे दोन प्रकार म्हणतात. जेन्ट्स म्हणजे लांब दांडी आणि पन्नास इंचांच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या घेराचा भोपळा, लेडीज त्याहून आटोपशीर. खर्जात गाणाऱ्या बाईने बिनधास्त जेन्ट्स मागावा, कुणी हसत नाही.

डिसेंबरात एका गुरुभगिनीला घेऊन कोयना एक्सप्रेसने मिरजेला गेले. दोन कान बरे, चार त्याहून बरे, आणि दुसरे दोन कान आपल्यासारखे हुरळलेले नसतात. मिरज हे जंक्शन आणि दवाखान्यांचं गाव. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने "कुठल्या हॉस्पिटलला?" असंच विचारलं. आम्ही सतारमेकर गल्ली म्हटल्यावर तो खुलला आणि वाटेत सगळा इतिहास ऐकवला. तो पुढे कारागिरांच्या तोंडून पुन्हा ऐकला. संस्थानी काळात इथे शिकलगार होते, तलवारी आणि हत्यारं घडवणारे, धार लावणारे. लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं. साधारण 1850 च्या सुमाराला फरीदसाहेब यांच्याकडे वाद्यदुरुस्तीचं काम आलं, त्यातून ते स्वतः वाद्यं घडवायला लागले, आणि घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. पुढे किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. 1937 साली ते गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. तंबोरा जुळवण्याच्या बाबतीत ज्या माणसाचं नाव अजून घेतात तो या गल्लीपासून इतक्या जवळ राहत होता, ही गोष्ट मला गल्लीत शिरताना सारखी आठवत होती.

आम्ही एकाच दुकानात ठरवून गेलो नव्हतो. गल्लीत फिरून तीन-चार ठिकाणी बसलो. छताला भोपळे टांगलेले, खाली रंध्याचा भुसा, आणि कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या सतारी. तयार तंबोरे पंधरा-अठरा हजारांपासून पुढे दिसले आणि त्यातले काही खरंच गोड होते. घाई असेल तर तयार घेण्यात काही कमीपणा नाही. करायला टाकायचं ते एवढ्यासाठी, की भोपळा, दांडीची लांबी, तबलीचं (भोपळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या लाकडी झाकणाचं) लाकूड आणि जवारीची चव (जवारी म्हणजे काय ते पुढे येईलच), सगळं एका गळ्याकडे बघून जमवलं जातं.

ज्यांच्याकडे शेवटी थांबलो ते सत्तरीच्या आसपासचे. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्याकडे थांबायचं कारण सांगते. बाकी ठिकाणी आम्हाला तंबोरे वाजवून दाखवले. चाचांनी तंबोरा माझ्या हातात दिला, "गावा की," म्हणाले, आणि मी षड्ज लावल्यावर डोळे मिटून बसले. मग तोच षड्ज दुसऱ्या तंबोऱ्यावर, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी गुरुभगिनीला विचारायचे, "मॅडमचा आवाज कुठे झाकला, कुठे उघडला?" मला विचारतच नव्हते. गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत.

मग भोपळा. मिरजेचे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा भागातून येतात. भाजीचा दुधी वेगळा, हा कडू भोपळा. कडू असल्यामुळे त्याला कीड कमी लागते. तो वेलावरच पिकून वाळतो, मग घरी आणून आणखी मुरवतात. चाचांनी माळ्यावरून चार-पाच काढले. टेप लावून घेर मोजला, नखाने टिचकी मारून कानाला लावला. मलाही मारायला लावली. पातळ सालीचा भोपळा टणटण वाजतो आणि फसवतो, जाड सालीचा ठाम वाजतो. मला पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच वाटले. त्यांनी चव्वेचाळीस इंचांच्या घेराचा एक निवडला आणि त्यावर खडूने माझं नाव आणि "का. 4" लिहिलं. तो खडूचा भोपळा बघून मला एकदम खात्री पटली की हे आता होणार.

किमतीचं बोलणं पाच मिनिटांत झालं. पूर्ण कोरीवकाम, भोपळ्यावर नक्षीची पानं, दांडीवर नक्षीच्या पट्ट्या असा तंबोरा बावन्न हजार. गळ्याजवळ साधी पानं आणि बाकी सगळं तेच, असा पंचेचाळीस. मी पंचेचाळीसचा घेतला. पूर्वी नक्षी हस्तिदंताची, सांबरशिंगाची करत. दोन्ही आता कायद्याने बंद आहेत, आज पांढऱ्या नक्षीत बहुतेक ॲक्रिलिक किंवा हाड असतं. कुणी जुन्या साठ्यातला हस्तिदंत आहे म्हणून जास्त पैसे मागू लागलं तर हात जोडून उठा.

पैसे तीन टप्प्यांत ठरले: पंधरा हजार लगेच, पंधरा तबलीच्या वेळी, उरलेले जवारी झाल्यावर. पहिले मी यूपीआयने दिले आणि पावती मागितली. चाचांच्या पुतण्याने साध्या पावतीपुस्तकावर रक्कम लिहून दिली. माझ्यातली बँकवाली तिथे जागी झाली. मी त्यावर आणखी चार ओळी लिहून घेतल्या: पट्टी, भोपळ्याचा घेर, दांडी आणि तबली तूणच्या लाकडाची, घोडी (तबलीवरची, जिच्यावरून तारा जातात ती) शिसवी, नक्षीत हस्तिदंत-शिंग नाही, आणि अंदाजे तारीख. पुतण्या हसत होता, पण चाचा म्हणाले, "लिही, चांगलं असतं." ही पावती सांभाळून ठेवा. हाताने केलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे पक्क्या बिलात वाद्य आणि केस वेगवेगळे दाखवायला सांगा. मला केसवर कर लागला, तंबोऱ्यावर नाही. परदेशी न्यायचा असेल तर लाकडाचं नाव बिलावर हवंच. शिसवीच्या जातीच्या लाकडावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण विमानतळावरच्या माणसाला हे आपण तोंडी समजावत बसण्यापेक्षा कागद बरा.

तारीख दिली होती गुढीपाडव्याची. 2024 चा पाडवा 9 एप्रिलला होता. तो येणार आणि जाणार हे मला आत कुठेतरी माहीत होतं.

जानेवारीच्या शेवटी फोन आला. खडूने नाव लिहिलेला भोपळा भिजवून कापला, आतला गर आणि बिया खरवडल्या, तेव्हा एका बाजूला साल पातळ निघाली. "बाहेरून कळत नाही ताई. चालला असता, पण मला नको वाटला." (मॅडमची ताई कधी झाले ते आठवत नाही.) दुसरा भोपळा बघायला या म्हणाले. मी गेले नाही, त्यांनीच निवडावा असं सांगितलं. तेव्हा हा निर्णय मला जड गेला, पण पहिल्या दिवशीच्या टिचक्या आठवून माझ्या जाण्याने काय फरक पडणार होता हेही दिसत होतं.

मार्चमध्ये तबली बसवायच्या आधी मात्र मुद्दाम गेले, आणि प्रत्येकाने या टप्प्यावर जावं असं मी म्हणेन. एकदा पॉलिश चढलं की काही बघायचं उरत नाही, उघडा तंबोरा सगळं दाखवतो. दांडी आतून पोकळ असते, ती डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून बघायची, कुठे पिळलेली आहे का. वर्षानुवर्षं चार तारांचा ताण तिलाच सोसायचा असतो. दांडी आणि भोपळा जिथे मिळतात त्या गळ्याचा सांधा आतून बघायचा. तबलीचे रेषे सरळ लांबवर गेलेत का, गाठ आहे का, ते बघायचं. तबली सपाट नसते, मधे किंचित फुगीर असते, आणि तिची जाडी किती ठेवायची हे टेपने ठरत नाही. चाचा रंधा मारायचे, बोटाने टकटक करायचे, पुन्हा रंधा. एकदा मधेच थांबून त्यांनी चहा मागवला. मी विचारलं, झालं का? म्हणाले, "झालं नाही, पण आता कान दमले." दुसरे पंधरा हजार त्या दिवशी दिले.

त्याच सुमाराला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. आम्ही क्लासमध्ये पेढे वाटले, जणू आम्हीच भोपळे खरवडले होते. गल्लीत वार्ताहर, कॅमेरे, सत्कार सुरू झाले. चाचांना मी फोनवर अभिनंदन केलं तर म्हणाले, "फोटोला उभं राहून राहून पाय दुखले बघा. काम पडलंय तसंच." मानांकनाचा गिऱ्हाइकाला थेट उपयोग एवढाच, की मिरजेचा म्हणून कुठलाही तंबोरा खपवायला आता कायद्याने अटकाव आहे. पण आवाजाची हमी कागद देत नाही. ती अजूनही कानानेच बघावी लागते.

पाडवा गेला. मे गेला. जूनमध्ये मी जरा कुरकुरले तर चाचांनी शांतपणे सांगितलं की आता दसऱ्यापर्यंत विचारू नका. तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश असतं. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने, पातळ थरावर पातळ थर. हवेत दमट असलं की त्यात पांढुरकी झाक येते आणि ती मग जात नाही. सांधेही नीट वाळत नाहीत. "पावसात करून देणारे आहेत, पण पुढच्या पावसात मला शिव्या द्याल." हे पटलं. तुम्ही ऑर्डर देणार असाल तर पावसाळ्याचे चार महिने हिशोबातून आधीच वजा करा, म्हणजे माझ्यासारखी चिडचिड होणार नाही. मनात शंका येतच होत्या, की माझा तंबोरा कुणा मोठ्या गवयाच्या मागे रांगेत ढकलला गेला असेल. गेला असेलही. पण त्या चार महिन्यांत पुतण्या अधूनमधून फोटो पाठवायचा, त्यात खुंट्या बसलेल्या दिसायच्या, वरच्या टोकाला तारांना आधार देणाऱ्या पट्ट्या, अटी आणि तारगहन, लागलेल्या दिसायच्या, आणि मी ते फोटो बँकेत जेवणाच्या सुट्टीत लोकांना दाखवायचे. आमच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, हा भोपळा कितीला पडला?" मी खरी किंमत सांगितली नाही.

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, जवारीसाठी बोलावणं आलं. तुम्हाला एकाच दिवसाची रजा मिळत असेल तर ती या दिवसासाठी ठेवा.

तंबोरा तयार होता. रंग गडद तपकिरी, थोडा लालसर, मला हवा होता तसाच. तारा चढवल्या: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (सारख्याच 'सा'च्या), तिन्ही पोलादी, आणि शेवटची खर्जाची (खालच्या 'सा'ची), पितळी रंगाची जाड. चाचांनी आधी जोड मिळवला, मग खर्ज, शेवटी पंचम. छेडलं. मला वाटलं होतं की आता ते सगळं भरून येईल. प्रत्यक्षात आवाज आला तो कोरडा, ठक्-ठक्. माझा चेहरा बघून पुतण्या म्हणाला, "अजून घोडीवर हातच कुठे लावलाय ताई."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी तिला अगदी बारीक उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत, टेकत राहते, आणि त्या घासण्यातून वरचे सगळे सूक्ष्म स्वर, म्हणजे उपस्वर, फुटतात. घोडीच्या पृष्ठभागाचा हा बाक म्हणजे जवारी. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असेल ते उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते तरीही ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली लिहून ठेवलं आहे. चाचांना रामन माहीत नव्हते. त्यांच्याकडे एक कानस होती, आणि एक ब्लेडचा तुकडा.

एक तार बाजूला सारायची, तिच्या खालच्या घोडीवर कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार जागेवर आणायची, छेडायची. पुन्हा. अर्ध्या तासाने जोडाची पहिली तार बोलायला लागली. दुसरी तिच्यासारखीच बोलायला हवी, नाहीतर जोड तो जोड राहत नाही. मधे त्यांनी विचारलं, "खुली ठेवू का गोल?" खुली जवारी लखलखीत, लांब ऐकू जाणारी. गोल जवारी मऊ, आवाजाच्या मागे राहणारी. मी ताईंना फोन लावला. ताईंनी फोन तंबोऱ्याजवळ धरायला सांगितलं, मग म्हणाल्या, "फोनवर काय कळणार, डोंबल. तुझा आवाज बारीक आहे, खुली केलीस तर झाकून जाशील." म्हणून मधली. तुम्हीही हे आधी विचारून ठेवा. खुली जवारी पुढे गोल करणं आणि गोल खुली करणं दोन्ही जमतं, पण प्रत्येक वेळी घोडी थोडी झिजते.

खर्जाला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती तार नीट बोलते की नाही याची एक परीक्षा मला ताईंनी सांगून ठेवली होती. फक्त खर्ज छेडायचा आणि थांबायचं. षड्ज विरत जाताना त्यातून कुणीही न लावलेला गंधार वर यायला हवा, स्वयंभू गंधार. शेवटी चाचांनी चारही तारांखाली सुताचे दोरे घातले. दोरा घोडीवर केसाएवढा पुढे-मागे सरकवला की एका जागी आवाज अचानक उघडतो. खर्जाचा दोरा सरकवता सरकवता एका क्षणी गंधार आला. गुरुभगिनीने माझा हात धरला. मी तो ऐकला, पण लगेच शंका आली की आपल्याला हवा म्हणून ऐकू येतोय. चाचांनी पुन्हा छेडला. पुन्हा आला. गल्लीत बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याच्या बीपमधूनही आला.

दोरा कसा लावायचा ते त्यांच्यासमोर स्वतः करून बघा, मोबाइलवर चित्रण करून घ्या, आणि तरीही घरी आल्यावर जमणार नाही हे धरून चाला. खुंटी सरकत असेल तर खडूची पूड, घट्ट बसली तर काढून पुसून पुन्हा. बारीक सूर तारेत ओवलेल्या मण्यांनी मिळवायचा, खुंटीने नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

उरलेले पंधरा हजार तिथेच दिले. फायबरची केस सात हजार आणि वर कर. मी कापडी गवसणीवर भागवणार होते, पण भोपळ्याला एक धक्का पुरतो असं सगळ्यांनीच बजावलं. गवसणी घरी लागतेच, ती चाचांनी तशीच दिली. तारांचे दोन जादा संच घेतले. नवीन तार चढवली की आधीच्याच नंबरची हवी, म्हणून चारही तारांचे नंबर केसच्या झाकणावर आतून लिहून घेतले. प्रवासात तारा पूर्ण सैल करायच्या नाहीत, दोन-तीन स्वर उतरवायच्या. पूर्ण सोडल्या तर घोडी जागा सोडते. तरीही घोडीच्या चारी कोपऱ्यांना तबलीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा करून घ्या.

रेल्वेने आणायचं धाडस झालं नाही. गाडी केली, साडेसात हजार रुपये. केस मागच्या सीटवर आडवी, भोपळ्याखाली गोधडी, दांडी दाराकडे, आणि दोन्ही बाजूंचे पट्टे लावलेले. पेठ नाक्यापर्यंत ड्रायव्हरला हळू जायला सांगितलं, पुढे हायवेला त्याला मोकळं सोडलं. त्याने कराडजवळ चहाला थांबल्यावर विचारलं की आत माणूस आहे का. सोसायटीच्या लिफ्टमध्ये केस उभीच बसते, तिरकी करावी लागत नाही, हे मात्र मी आधी मोजून ठेवलं होतं.

घरी पहिले काही आठवडे कठीण गेले. डबीवर बटण दाबलं की षड्ज हजर. इथे रियाजाच्या आधी वीस मिनिटं जुळवण्यात जायची, आणि जुळला असं वाटून गायला बसावं तर पंचम उतरलेला. नवीन तारा ताणल्या जातात, लाकूड नवीन घराची हवा घेतं, हे चालणारच. ताई म्हणाल्या, ती वीस मिनिटं रियाजातच धर. घरच्यांनी पहिल्या आठवड्यात कौतुक केलं, दुसऱ्यात "अजून लागला नाही का गं?" असं विचारायला लागले. महिन्याभरात वीसाची दहा मिनिटं झाली. आता मालकंस रागासाठी पंचमाची तार मध्यमावर उतरवायलाही हात घाबरत नाही.

नवीन जवारी काही महिन्यांत बसते आणि एकदा पुन्हा काढावी लागते, हे चाचांनी आधीच सांगितलं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये खर्ज जरा बोथट वाटायला लागला. तंबोरा पुन्हा मिरजेला नेण्याऐवजी पुण्यातच एका कारागिराकडून जवारी काढून घेतली, आठशे रुपये. चाचांना फोन करून सांगितलं, वाईट वाटेल की काय अशी धास्ती होती. त्यांनी एवढंच विचारलं, कानस किती वेळा फिरवली? मी म्हटलं, मोजलं नाही, पण फार नाही. "मग ठीक आहे. पावसाळ्यात केसमध्ये ठेवा, भिंतीला टेकवून नको. आणि उंदीर आहेत का घरात?" नाहीत म्हटलं. "भोपळा खातात ते," म्हणाले, आणि पुढचा फोन आला म्हणून ठेवला.